यी छी : मनगटातून निघालेलं एक जादा हाड

रानवेडा

गेल्या मे महिन्यात काणकोणला मावशीकडे होतो. दुपारी कुळागरात पाटाच्या कडेला बसलो होतो. समोरच्या पोफळीवरून सालीचा एक तुकडा सुटला, पण खाली पडायच्या ऐवजी आडवा तरंगत दुसऱ्या पोफळीला जाऊन चिकटला आणि वर चढायला लागला. उडणारा सरडा! मावशीला त्याचं काहीच नाही, तिला तो रोजचा. मी मात्र तासभर हललो नाही. चिकटून बसला की सालीत इतका मिसळतो की नजर जरा वळली की हरवतो. मग पुन्हा सुटतो, कुशीतले दोन पंखे फाकतात, आणि कळतं की अरे, तो इथे होता.

या सरड्याचे पंखे म्हणजे त्याच्या लांबलेल्या बरगड्या. छत्रीच्या काड्यांसारख्या त्या बाजूला उघडतात आणि त्यांच्यावर कातडी ताणली जाते. घरी आल्यावर पडद्यावर तरंगणाऱ्या प्राण्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. वाचता वाचता ज्या प्राण्यापाशी येऊन थांबलो, त्याच्यासाठी हा धागा.

त्याचं नाव यी छी. चीनमधला, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा एक छोटा डायनासोर. वजनाचा अंदाज ३८० ग्रॅम, म्हणजे साधारण कबुतराएवढा. हबेई प्रांतातल्या छिंगलोंग भागात एका शेतकऱ्याला तो खडकात सापडला. पुढे तो शांतोंग प्रांतातल्या थ्यान्यू संग्रहालयात पोचला आणि २०१५ साली शू शिंग, झंग श्याओथिंग, कॉर्विन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्याचं वर्णन छापलं.

शिळेवर काय दिसतं ते सांगतो. आखूड तोंडाची कवटी, जबड्यात पुढच्या बाजूलाच थोडे दात. अंगावर पिसं, पण आपण पाहतो तशी पात्याची नाहीत, रंगाच्या कुंचल्यासारखी ताठ केसाळ. हात लांब. हाताला तीन बोटं आणि त्यातलं बाहेरचं, तिसरं बोट इतर दोघांच्या मानाने खूपच लांब. इथपर्यंत ठीक आहे, असे लांब बोटांचे छोटे डायनासोर आधीही सापडले होते. पण याच्या मनगटापासून एक लांब, किंचित वाकलेली काडी निघते. सुमारे १३ सेंटिमीटर. तिला सांधा नाही, पेरं नाहीत, टोकं निमुळती. आणि ती दोन्ही मनगटांपाशी आहे.

डायनासोरच्या हातात असं हाड कोणी कधी पाहिलं नव्हतं. हे बोट नाही, कारण बोटं तीन आहेत आणि तिन्ही जागच्या जागी आहेत. दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं हाड येऊन पडलं म्हणावं, तर दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी कसं पडेल? काडीतली मूलद्रव्यं तपासली, ती बाकीच्या हाडांसारखीच निघाली. बोटं आणि काडी यांच्या आसपास पातळ पापुद्र्यासारख्या मऊ ऊतीचे ठसेही होते.

याचा उलगडा झाला तो उडत्या खारीमुळे. सलिव्हन यांच्या वाचनात जपानमधल्या मोठ्या उडत्या खारीच्या मनगटातून निघणाऱ्या कूर्चेच्या काडीचं वर्णन आलं. ती खार झेप घेते तेव्हा ही काडी बाहेर फाकते आणि पडद्याची कड ताणून धरते. मग शिळेवरच्या सगळ्या गोष्टी जुळल्या. काडी पडद्यासाठी, लांब बोट पडद्यासाठी, आणि पापुद्रा म्हणजे तो पडदाच.

डायनासोर, अंगावर पिसं, आणि पंख मात्र वटवाघळासारखा कातडीचा! मला सगळ्यात जास्त याचं वाटतं की एवढं सगळं त्या एका जादा हाडातून उलगडलं. शिळा तयार करताना 'हा कचरा दिसतोय' म्हणून कोणी ती काडी खरवडून टाकली असती तर आज आपल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

कोणाला याबद्दल आणखी माहिती असेल तर जरूर लिहा.

केवडा

सुंदर धागा. कुळागरातलं वर्णन वाचून आजोळ आठवलं. एक विचारते. हे आपल्या शेकरूसारखंच ना? भीमाशंकरला शेकरू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर असंच जातं.

रानवेडा

धन्यवाद केवडाताई. नाही, शेकरू वेगळं. शेकरू लांब उडी मारतं, तोल सांभाळायला झुपकेदार शेपटी वापरतं, पण त्याच्या अंगाला पडदा नसतो. उडती खार निराळी, तीही सह्याद्रीत आहे. पण ती रात्रीची निघते म्हणून आपल्याला सहसा दिसत नाही. तिच्या पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत केसाळ कातडी असते. चारी पाय फाकले की ती चौकोनी चादरीसारखी दिसते.

शांघायकर

नोकरीमुळे बरीच वर्षं इकडे आहे, म्हणून नावापुरतं लिहितो. धाग्यात 'यी छी' लिहिलंय ते बरोबर आहे. रोमन अक्षरांत पाहून बरेच लोक 'यी की' म्हणतात, तो उच्चार चुकीचा. 'यी' वरून खाली येणाऱ्या सुरात म्हणायचा, त्याचा अर्थ पंख. 'छी' खालून वर जाणाऱ्या सुरात, अर्थ विचित्र, नवलाचा. म्हणजे 'नवलाचा पंख'. आपल्याकडे 'छी' म्हटलं की नाक मुरडल्यासारखं वाटतं. इथे मात्र त्या अक्षरात कौतुकही आहे.

रोमन लिपीत हे पूर्ण शास्त्रीय नाव चारच अक्षरांचं होतं. एवढं छोटं नाव असलेला दुसरा प्राणी म्हणजे 'इया आयो' नावाचं एक मोठं वटवाघूळ. ते चीनमध्ये आहे आणि आपल्या ईशान्य भारतातही आहे. सर्वांत छोट्या नावाचे दोन्ही मानकरी कातडीच्या पंखांचे निघावेत, हे वाचलं तेव्हा मला फार छान वाटलं होतं.

टिपकागद

माफ करा, पण मला शंका आहे. चीनमधून येणाऱ्या जीवाश्मांमध्ये बनावट खूप असतात ना? शेतकऱ्याने खणून काढलेला, विकला गेलेला. तज्ज्ञांनी स्वतः खोदलेलाच नाही. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? १९९९ साली एक मोठं प्रकरण झालं होतं, त्यात पक्ष्याचं धड आणि डायनासोरची शेपटी जोडलेली निघाली. इथेही कोणी काडी चिकटवली नसेल कशावरून?

पाथरवट

टिपकागद, शंका अगदी रास्त आहे, आणि ती पहिल्यांदा त्या संशोधकांनाच आली असणार. तुम्ही म्हणता ते 'आर्किओरॅप्टर' प्रकरण. नॅशनल जिओग्राफिकने नोव्हेंबर १९९९ च्या अंकात पक्षी आणि डायनासोर यांच्यामधला दुवा म्हणून तो छापला होता. आणि तो जोडकाम आहे हे दाखवून दिलं कोणी? याच शू शिंग यांनी. त्यांना चीनमध्ये त्याच शेपटीच्या शिळेचा दुसरा अर्धा भाग सापडला, पण त्याला धड वेगळंच होतं. वरचा भाग यानोर्निस नावाच्या पक्ष्याचा निघाला आणि शेपटी मायक्रोरॅप्टरची. ज्या माणसाने ती फसवणूक उघडी पाडली त्यालाच पंधरा वर्षांनी असा अविश्वसनीय प्राणी हाती आला. तो किती बारकाईने तपासला असेल याची कल्पना करा.

शिळेबद्दल दोन शब्द सांगतो, माझं काम खडकांचंच आहे. असे जीवाश्म पाटीसारख्या पातळ थरांत असतात. थर उकलला की त्याचे दोन भाग होतात, एकावर हाडं आणि दुसऱ्यावर त्यांचा साचा. यी छीचे दोन्ही भाग आहेत. काडी नंतर चिकटवलेली असती तर समोरच्या पाटीवर तिची खूण जागच्या जागी आली नसती. आणि शिळेतला बराच भाग संग्रहालयात आल्यावर साफ करून उघडा केला गेला, म्हणजे तो आधी खडकाखाली झाकलेलाच होता. जे झाकलेलं आहे त्यावर काय चिकटवणार?

टिपकागद

समोरच्या पाटीचा मुद्दा पटला. तरी नमुना एकच आहे ना?

पाथरवट

एकच होता, २०१९ पर्यंत. मग त्याच कुटुंबातला अँबोप्टेरिक्स आला. ल्याओनिंग प्रांतात लिंग्युआनजवळ सापडला, आणि वांग मिन, जिंगमाई ओकॉनर, शू शिंग आणि झोउ झोंगहे यांनी त्याचं वर्णन केलं. वय सुमारे १६ कोटी ३० लाख वर्षं, लांबी ३२ सेंटिमीटरच्या आसपास, वजनाचा अंदाज ३०० ग्रॅम. जागा वेगळी, थर वेगळा, आणि त्याच्याही मनगटापाशी तशीच काडी, आसपास तसाच पडद्याचा ठसा. माझा तरी सगळा संशय तिथे मिटला.

त्याच्या पोटाच्या जागी बारीक खडे आणि हाडांचे तुकडे मिळालेत. खडे कोंबडीच्या पोटात असतात तसे, दळायला. त्यावरून तो मिश्र आहार घेत असावा असं म्हणतात.

आणि यांचं कुटुंब २००२ पासून माहीत आहे बरं का. स्कान्सोरिओप्टेरिक्स, मग २००८ साली एपिडेक्सिप्टेरिक्स. त्यांचंही तिसरं बोट असंच लांब. तेव्हा अभ्यासक म्हणायचे, मादागास्करचा आय-आय हा प्राणी लांब बोट सालीत घालून अळ्या काढतो, तसं असेल. त्या वेळी जे हाती होतं त्यावरून तो तर्क वाईट नव्हता. यी छी सापडल्यावर त्या बोटाकडे बघायची नजर बदलली.

शाळामास्तर

धागा वर्गात वाचून दाखवावा असा आहे. आठवीला विज्ञान शिकवतो. मुलं हमखास विचारणार, आणि मलाही नीट सांगता येणार नाही, म्हणून विचारतो. पंख वटवाघळाचा, पिसं पक्ष्याची, मग याला डायनासोर का म्हणायचं?

रानवेडा

मास्तर, पंखावरून नातं ठरत नाही, सांगाड्यावरून ठरतं. वटवाघूळ उडतं म्हणून ते पक्षी होत नाही, देवमासा पोहतो म्हणून मासा होत नाही, तसंच. यी छीची कवटी, हाताची तीन बोटं, एकूण हाडांची ठेवण ही मांसाहारी डायनासोरांच्या त्या गटातली आहे ज्याच्यातून पक्षी आले. त्या गटात नेमक्या कुठल्या फांदीवर याला बसवायचं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण झाड कुठलं याबद्दल नाहीत.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. कातडीच्या पंखाची कल्पना निसर्गात अनेकदा आली, आणि दर वेळी कामटी निराळी होती. पतंगाला कामटी लागते ना, तशी पडद्यालाही लागते. टेरोसॉर, म्हणजे त्या काळचे उडणारे सरीसृप, जे डायनासोर नव्हते, त्यांनी एकच बोट, चौथं, प्रचंड लांब केलं आणि सगळा पडदा त्यावर तोलला. वटवाघळाने चार बोटं लांब केली. आपल्या काणकोणच्या सरड्याने बरगड्या वापरल्या. उडत्या खारीने मनगटातून कूर्चा काढली. यी छीने लांब बोटही घेतलं आणि मनगटातून काडीही.

पाथरवट

यात एक भर घालतो. टेरोसॉरच्या मनगटातही एक जादा हाड होतं, टेरॉइड. ते पुढच्या बाजूला, खांदा आणि मनगट यांच्या मधल्या छोट्या पडद्याला आधार द्यायचं. आणि वटवाघळाच्या घोट्यापासून एक काडी निघते, ती शेपटीकडचा पडदा ताणते. म्हणजे जिथे पडदा आला तिथे कुठे ना कुठे नवी कामटी उगवलेली दिसते. यी छीची काडी पहिल्यांदा विचित्र वाटते. या बाकीच्यांच्या रांगेत ठेवून पाहिली की वाटत नाही.

गिर्रेबाज

मी कामशेतला पॅराग्लायडिंग करतो, त्यामुळे उड्डाणाची बाजू मांडतो. मोठा प्रश्न असा की हा प्राणी पंख मारत उडायचा की नुसता तरंगत उतरायचा? २०२० साली अलेक्झांडर डेचेची, मायकेल पिटमन वगैरेंनी याचाच हिशेब केला. लेझरच्या प्रकाशात शिळा चमकवून मऊ ऊतींच्या कडा नीट पाहिल्या. मग पंखाचा आकार, वजन, पंख किती जोरात मारता येईल, याबद्दल वेगवेगळी गृहीतकं धरून गणितं मांडली. निष्कर्ष असा की पंख मारून उडणं याला जमणार नव्हतं. जमिनीवरून वर उठणं तर नाहीच. झाडावरून सुटून तरंगत उतरणं जमायचं, पण तेही बेताचंच.

बेताचं म्हणजे काय? आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात ते पंखावरचं वजन. तुमचं एकूण वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ. साधारण ९० किलोच्या माणसाला २५ चौरस मीटरचा पंख, म्हणजे चौरस मीटरला साडेतीन-पावणेचार किलो. हा आकडा कमी असला की सावकाश, हळुवार उतरता येतं. जास्त असला की तरंगायला मुळात वेग जास्त लागतो, आणि वेग जास्त म्हणजे वळणं मोठी, उतरणं अवघड. जंगलात फांद्या चुकवत जायचं असेल तर वेगवान आणि बोजड असणं फार वाईट. यी छीची अडचण हीच होती. पक्ष्यांसारखे छातीचे मोठे स्नायू तोलायची सोयही त्याच्या सांगाड्यात दिसत नाही.

टिपकागद

मग एवढा लांब हात, जादा हाड, पडदा, हे सगळं करून शेवटी अपयशच? निसर्गाचा फसलेला प्रयोग म्हणायचा का?

गिर्रेबाज

त्या शोधनिबंधाच्या मथळ्यात 'बंद वाट' असाच शब्द आहे. ज्युरासिकनंतर, म्हणजे यी छी ज्या काळातला त्याच्यानंतर, या कुटुंबाचा एकही सदस्य आजवर सापडलेला नाही. हवेत एकीकडे टेरोसॉर, दुसरीकडे पिसांच्या पंखांचे पक्षी आणि त्यांचे भाऊबंद. मध्ये हे बेताचे तरंगणारे. टिकले नाहीत.

केवडा

मला 'अपयश' हा शब्द खुपतो. वर पाथरवटांनी लिहिलंय, अँबोप्टेरिक्स १६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचा, आणि यी छी सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे मध्ये तीसेक लाख वर्षं आहेतच. माणूस म्हणून आपण मागे जाऊन जाऊन किती जाणार, तीन लाख वर्षं? तीस लाख वर्षं ज्यांनी झाडावरून झाडावर जाऊन पिल्लं वाढवली त्यांना अपयशी कसं म्हणायचं?

गिर्रेबाज

हिशेब बरोबर आहे ताई. माझं म्हणणं एवढंच की त्या वाटेने पुढे कोणी गेलं नाही. जगण्यापुरतं त्यांचं भागत होतं, यात वाद नाही.

रानवेडा

केवडाताईंशी मी पूर्ण सहमत आहे आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती कळल्यापासून ते जंगल माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ज्या थरांत यी छी सापडला, त्याच तियाओजिशान थरांमध्ये आणखी काय काय सापडलंय पाहा. अँकिऑर्निस, कोंबडीहून लहान, हातापायांवर लांब पिसं असलेला डायनासोर. डार्विनोप्टेरस, एक टेरोसॉर. आणि २०१७ साली वर्णन झालेले मायोपॅटाजियम आणि विलेव्होलोडॉन, हे चक्क पडद्यावर तरंगणारे सस्तन प्राणी, उडत्या खारीसारखे, पण खारीशी काही नातं नसलेले. भोवती गिंको, सूचिपर्णी, नेचे यांचं रान. जवळपास ज्वालामुखी.

म्हणजे त्या भागातल्या रानांत, भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने एकाच सुमाराला, हवेत जाण्याच्या चार निरनिराळ्या तऱ्हा नांदत होत्या. पिसांनी, एका बोटाच्या पडद्याने, चार पायांमधल्या पडद्याने, आणि काडीच्या पडद्याने. आज आपण मागे वळून पाहतो तेव्हा पक्षी दिसतात, म्हणून वाटतं की डायनासोर सरळ पक्षी होण्याच्या रस्त्यानेच चालले होते. तसा रस्ता नव्हताच. पिसं अंगावर असूनही एका कुटुंबाने पंखासाठी कातडी निवडली. २०१५ च्या आधी हे कोणी म्हटलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

दुर्गभटक्या

पिसं चांगली की पडदा? मला वाटतं पडदा एकदा फाटला की खेळ खलास. पीस गळलं तर नवं येतं.

पाथरवट

पिसांचं बरोबर आहे, झड होऊन नवी येतात. पण पडद्याचं तसं नाही. वटवाघळाच्या पंखाला भोक पडलं तर काही आठवड्यांत भरून येतं, जिवंत कातडी आहे ती. आणि वटवाघळांच्या चौदाशेच्या वर जाती आज जगात आहेत. तेव्हा पडद्यात खोट नाही. यी छीचा तो पडदा पेलणारा हात आणि छाती कमी पडली, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

दुर्गभटक्या

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. मग आपल्याकडे असं काही का सापडत नाही? महाराष्ट्रात डायनासोर सापडलेत ना?

पाथरवट

सापडलेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगाव इथे. पण ते क्रेटेशस काळाच्या अखेरचे, यी छीच्या नंतर जवळपास नऊ कोटी वर्षांनी, आणि मोठाले, लांब मानेचे. ज्युरासिकचे थर हवे असतील तर गडचिरोलीत सिरोंच्याकडे जावं लागेल, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात. त्याच खोऱ्यात पलीकडे तेलंगणात बारापासॉरस सापडला. सहाएक प्राण्यांची तीनशेच्या आसपास हाडं, एकमेकांत मिसळलेली. जोडलेला सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे, संधी मिळाली तर चुकवू नका.

'मिसळलेली' हा शब्द महत्त्वाचा. तो नदीचा गाळ आहे. वाहतं पाणी मांडीचं हाड सांभाळतं, पण कबुतराएवढ्या जिवाच्या कातडीचा पापुद्रा सांभाळत नाही. त्यासाठी संथ तळं हवं, तळाशी प्राणवायू कमी हवा, आणि पिठासारखी बारीक ज्वालामुखीची राख वरून अलगद बसायला हवी. चीनच्या त्या भागात हे सगळं जुळून आलं. आपल्याकडे ज्वालामुखी कमी झाला का? महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री त्याचाच. पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो लाव्हाचा, एकावर एक पसरत गेलेला. त्याच्याखाली काय झाकलं गेलंय, हे माझ्यासारख्याला आयुष्यभर छळतं.

शांघायकर

मागच्या वर्षी सुट्टीत ल्याओनिंगला गेलो होतो. रस्त्याच्या कडेचा खडक हाताने उकलला तर पापडासारखे थर सुटतात. तिथे खोदायला परवानगी लागते, त्यामुळे मी नुसता हात फिरवून आलो. पण पाथरवटांनी लिहिलेली राख म्हणजे काय ते त्या स्पर्शाने कळलं.

शाळामास्तर

पंधरा दिवसांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमस्व. धागा वर्गात वाचला, आणि रानवेडांच्या पतंगाच्या कामटीवरून मुलांनी प्रयोग करायचा हट्ट धरला.

आम्ही पतंगाचा कागद घेतला, थर्माकोलचं बारकं धड केलं, हाताच्या जागी बांबूच्या कामट्या. दोन प्रतिकृती केल्या. एकीला फक्त हात आणि लांब बोट, दुसरीला मनगटापाशी एक जादा कामटी मागे तिरकी. शाळेच्या गच्चीवरून सोडल्या. पहिलीचा कागद मागची कड मोकळी असल्याने लगेच फडफडला आणि दुमडला, ती दगडासारखी खाली आली. दुसरीचा कागद ताणलेला राहिला. ती पुढे सरकत मैदानाच्या अर्ध्यापर्यंत गेली. वळली मात्र नाही, सरळ जाऊन आंब्याच्या बुंध्यावर आपटली. गिर्रेबाजांचं 'वेगवान आणि बोजड' मुलांना समजावून सांगायची गरज उरली नाही.

जादा कामटी कुठल्या कोनात लावायची यावर मुलांची भांडणं झाली. कोणी म्हणे हाताला समांतर, कोणी म्हणे काटकोनात.

रानवेडा

मास्तर, वाचून डोळे भरून आले. आणि ते भांडण खरंच अभ्यासकांचंही आहे! शिळेवर पडद्याचे फक्त तुकडे उरलेत, आणि पाठीच्या कण्याचा आणि कमरेचा बराच भाग नाही. त्यामुळे काडी जिवंतपणी नेमकी कशी धरली जायची यासाठी २०१५ च्या लेखातच एकाहून जास्त आराखडे दिले होते. तुमच्या मुलांनी वेगवेगळ्या कोनांत कामट्या लावून कुठली जास्त लांब जाते ते मोजलं, तर तो तसाच अभ्यास होईल. आकडे इथे जरूर टाका.

शाळामास्तर

नक्की टाकतो. एका मुलीने विचारलेला प्रश्न मला सुटला नाही, तो इथे ठेवतो. ती म्हणाली, "सर, एवढी मोठी काडी हाताला घेऊन तो झाडावर चढायचा कसा? अडकत नसेल का?"

रानवेडा

फार छान प्रश्न, आणि तो मलाही सुचला नव्हता. उडती खार बुंध्यावर उतरली की मनगटाची कूर्चा कोपराच्या दिशेने हाताला लागून मिटते, आणि पडदा कुशीला गोळा होतो. चढताना ती साध्या खारीसारखीच दिसते. यी छीची काडी हाडाची होती, कूर्चेची नव्हे, म्हणजे ती वाकणार नाही. पण मनगटाच्या सांध्यातून हाताकडे मिटता येत असेल तर तिचं काम भागलं.

आणि काणकोणच्या सरड्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आपल्या पश्चिम घाटातल्या याच सरड्यावर कर्नाटकात निरीक्षणं झाली, ती २०१७ साली छापून आली. सुटल्यानंतर तो पुढचे पाय मागे घेतो आणि उघडलेल्या पडद्याची पुढची कड पंजांनी धरतो. उतरायची वेळ आली की सोडतो, आणि हात चढायला मोकळे. इतकी वर्षं लोक त्याला पाहत होते, पण हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मीही तासभर पाहिला आणि मलाही दिसलं नाही. येत्या मे महिन्यात पुन्हा जातोय, या वेळी फक्त हात बघणार आहे.

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिला म्हणावं, प्रतिकृतीच्या मनगटाला बारीक बिजागरी लावून बघ.